फांदी म्हणायचं नाही

सेलेदोनिया वेरासमोर कुणी 'फांदी' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "कुठली फांदी?" ती खेकसायची. "फांदी म्हणजे काय रे? उद्या तुला गर्दीत शोधायचं झालं, तर 'ओ माणूस, ओ माणूस' अशी हाक मारत फिरू का मी?" समोरचा हसला तर त्याची आणखीच शोभा. नाही हसला तरी सुटका नव्हतीच.

साठी उलटलेली, जेमतेम पाच फुटांची बाई. सगळे तिला न्या सेले म्हणायचे. त्यातला 'न्या' मानाचा होता, पण आमच्या लाल मातीच्या रस्त्यावर तिच्याबद्दल मानापेक्षा धाकच जास्त होता. आठव्या वर्षापासून येर्बाची पानं तोडत आलेली. आमच्या मिसिओनेसात, ब्राझीलच्या सीमेवर, माते नावाच्या कडू पेयाच्या भांड्यात जी पानं पडतात, ती कुणीतरी थंडीवाऱ्यात झाडावरून उतरवलेली असतात, आणि त्या 'कुणीतरी'त सेलेइतकी हुशार बाई मी तरी पाहिली नाही. आणि तिच्याइतकी खवचटही.

ही नावांची खोड तिला बापानं लावली. सेनोन वेरानं तीन ओळींचा छोटासा मळा स्वतःच्या हातानं लावला होता, आणि तोडणी शिकवताना तो पोरीला आधी कात्री देत नसे, नावं देत असे. नख रुततं तो धुमारा, त्याला हात लावायचा नाही. वाकते आणि सोडली की परत सरळ होते ती डहाळी. ती पानांसकट अख्खी गठ्ठ्यात. मोडताना कट् वाजते ती काडी. तीही चालते, काडी नसेल तर माते नुसता कडूजार होतो. फोक सरळसोट असतो, त्याला पोटफांद्या नसतात, तो गाठ मारायला. किंवा पोरांच्या पोटऱ्यांवर ओढायला. अंगठ्यापेक्षा जाड ते दांडकं, ते गठ्ठ्यात सापडलं तर पानं वाळवणारे भट्टीवाले गठ्ठा तोंडावर फेकतात. वाळून गेली ती काटकी, तिचं सरपण. दोन डहाळ्या फुटतात तिथे बेचकं, आणि कात्री लावायची ती बेचक्याच्या वर. खाली लावलीस की झाडाचा हात गेला.

नदीपलीकडून येणारे लोक डहाळीला टहाळा म्हणायचे. दक्षिणेकडून आलेले फोकाला शिमटी म्हणायचे. सेलेचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. "नाव वेगळं असू दे," ती म्हणायची, "पण असू दे! नाव नाही त्या वस्तूला हात कसा लावावा माणसानं?"

या नावांचा उपयोग ती झाडापेक्षा माणसांवर जास्त करायची हा भाग वेगळा. दुकानदार उंच आणि बिनकामाचा, म्हणून तो फोक. ट्रकवाला निकानोर मानेनं आणि अकलेनं जाड, म्हणून तो दांडकं. तिचा स्वतःचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये पळाला, त्याचा विषय निघाला की ती म्हणे, "काटकी होती. तीही ओली. पेटायच्या पण लायकीची नव्हती." लोक हसायचे आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे की आज आपली पाळी नव्हती.

या सगळ्यात एका डहाळीचं नाव तिनं कधी कुणाला चिकटवलं नाही. निशाण. तोडणी करताना प्रत्येक झाडावर, खाली आतल्या बाजूला, एक डहाळी पानांसकट सोडायची असते. बाकी झाड भादरून टाका, पण तेवढी राहू द्या. त्या डहाळीवर झाड पुढचं पालवेपर्यंत श्वास घेतं. निशाण ठेवलं नाही आणि वरून दहिवर गोठलं, की झाड संपलं. मोठ्या मळ्यांवर मुकादम घाई करतात, तिथे माणसं निशाणसुद्धा ओरबाडून नेतात. सेले अशा मळ्यांवरून दोनदा काम सोडून चालत घरी आली होती. मुकादमाच्या आईचा उद्धार करत, अर्थात.

आणि आता हेर्मेलिंदा.

हेर्मेलिंदा सेलेची भावजय. तिचा भाऊ आबुंदियो, त्याची बायको. पोलिश वसाहतीतली, गोरीगोमटी, हाडापेरानं मोठी, बोलायला मंद. आमच्याकडे तसल्या सगळ्यांना पोलाका म्हणतात, पण सेले ते नाव असं उच्चारायची की शिवी वाटावी. मूल झालं नाही तिला. एक झालं होतं, ते रडलंच नाही. मळ्यामागे क्रूस आहे लहानसा. आबुंदियो गेल्यावर घर आणि मळा हेर्मेलिंदाकडे आला. सेलेकडे आला तो फक्त बापाचा शब्द, की जोवर सेले आहे तोवर या मळ्यात कात्री तिची. त्यामुळे दर वर्षी थंडी पडली की सेले वस्तीतून चालत यायची, आणि दोघी नणंद-भावजय एकमेकींचं तोंड न बघता तीन ओळी तोडायच्या. सेले झाडावर कात्री चालवायची. हेर्मेलिंदा खाली गोणपाट पसरून बसायची, पडलेलं हातानं मोडायची, डहाळ्या-काड्या गोणपाटावर आणि दांडकी बाजूला.

तीस वर्षं त्या मळ्यात काढून हेर्मेलिंदाच्या लेखी सगळं एकच होतं. फांदी. "ती फांदी राहिली." "ही फांदी जाड आहे." सेलेचा तिळपापड व्हायचा. त्यात गेली दोनतीन वर्षं हेर्मेलिंदाला नवीनच सवय लागली होती. प्रत्येक झाडाशी, अगदी प्रत्येक झाडाशी, खालून तिचं सुरू व्हायचं: "सेले, ती फांदी राहू दे. तुझ्या गुडघ्याजवळची. ती राहू दे."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. राहू दे म्हणते."

"दिसतंय मला!"

इथेच तर खोट होती. दिसत नव्हतं.

आधी उजवा डोळा दुधाळला, मग डावा. बाजारात समोरून येणारा माणूस तिला आवाजावरून ओळखू यायचा. रस्त्यावर ती मधोमध चालायची, म्हणजे खड्डा चुकतो. लोकांना वाटायचं म्हातारीचा तोरा. मळ्यात मात्र तिचं अडत नव्हतं, असं तिला वाटत होतं. डावा हात पुढे जायचा, बोटं चाचपायची, बोटं नाव सांगायची: डहाळी, काडी, बेचकं. मग उजव्या हातातली कात्री. आयुष्यभर घोकलेली नावं तिच्या बोटांत उतरली होती आणि त्यांच्या जिवावर तिनं तीन हंगाम सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. दवाखान्यात गेली नाही, कारण दवाखान्याबाहेरच्या बाकावर अख्खा रस्ता बसलेला असतो. कळलं असतं तर काय झालं असतं? आंधळ्या बाईच्या हातात कात्री कोण ठेवतो? ती गोणपाटावर बसली असती, आणि कात्री गेली असती पोलाकाच्या हातात. बापाच्या मळ्यात, बापाच्या झाडांवर, जिला डहाळी म्हणता येत नाही तिच्या. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला खरोखर वाटायचं.

ऑगस्टमधली गोष्ट, म्हणजे आमच्याकडे ऐन थंडी. दोन ओळी झाल्या होत्या, शेवटची रस्त्याकडेची राहिली होती. ही ओळ सेनोननं सेले जन्मली त्या वर्षी लावलेली. मळ्यातली सगळ्यात जुनी, बुंधे मांडीएवढे. सकाळी आमच्याकडे थंडी आणणारा दक्षिणेचा वारा सुटला होता, कोरडा, कानाला झोंबणारा. आकाश स्वच्छ. अशा आकाशाखाली रात्री काय पडतं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

निकानोर आदल्या दिवशीचे गठ्ठे न्यायला ट्रक घेऊन आला. ट्रकवर शेजारच्या मळ्यातले पाच-सहा तोडणारे बसले होते, मातेचं भांडं फिरवत, थंडीनं आखडलेले. निकानोरनं सवयीनं एका गठ्ठ्याची गाठ सैल केली, आत हात घातला आणि एक दांडकं बाहेर ओढलं. मग आणखी एक.

"हे काय न्या सेले? भट्टीवर हे दाखवलं तर सगळंच परत येईल माझ्या बोडक्यावर."

मोडणं हेर्मेलिंदाचं काम. दांडकं गठ्ठ्यात गेलं तर दोष मोडणारीचा. हेर्मेलिंदा उठून उभी राहिली. थंडीनं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. "राहून गेलं असेल," ती म्हणाली. "या वेळी जाड फांद्या फार पडल्यात वरून."

जाड फांद्या फार पडल्यात वरून. सगळ्यांसमोर बोलली ही! आता कुणीतरी विचारणार, का पडल्यात? आणि मग कुणीतरी सेलेच्या डोळ्यांकडे नीट बघणार. भीती वाटली की सेले भांडायची. ती तिची एकच तऱ्हा होती.

"ऐकलंत?" ती ट्रककडे तोंड करून ओरडली. "जाड फांद्या! तीस वर्षं झाली हिला या मळ्यात! तीस वर्षं माझ्या बापाच्या झाडांचं खाते आणि हिला दांडकं कळत नाही. डहाळी कळत नाही. सगळं फांदी! गाढवाला बांधलं असतं इथे तर तेही एव्हाना काडी म्हणायला शिकलं असतं!"

ट्रकवर हशा झाला. हशा झाला की सेलेला चेव यायचा.

"मुकाट्यानं बसून मोडायचं सोडून मलाच शिकवते. ही राहू दे, ती राहू दे! अगं, तू काय झाडाचं सांगतेस? तुझ्या स्वतःच्या झाडाला तरी कधी धुमारा फुटला का?"

या वेळी कुणी हसलं नाही. मातेचं भांडं ज्याच्या हातात होतं त्याच्या हातातच राहिलं. निकानोर जमिनीकडे बघायला लागला. मळ्यामागचा तो लहानसा क्रूस तिथल्या प्रत्येकाला माहीत होता, आणि सेलेनं तर ती इवलीशी पेटी स्वतःच्या हातानं खाली सोडली होती. घाणेरडं बोलली ती. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

निदान तिथे तरी थांबायचं. पण नाही.

"आजपासून," ती म्हणाली, "या मळ्यात फांद्यांबद्दल तू तोंड उघडायचं नाहीस. एक अक्षर नाही. नाव येत नाही त्यानं बोलू नये."

हेर्मेलिंदाचा चेहरा पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. "बरं," ती म्हणाली.

ट्रक गेला. सेलेनं पहिल्या झाडाला हात घातला.

काम किती छान चाललं होतं! खालून कुरकुर नाही, राहू दे नाही, काही नाही. फक्त कात्रीचा आवाज आणि काड्या मोडल्याचा. जिंकल्यासारखं वाटत होतं तिला. मधेच कुठेतरी मनाला टोचलं होतं, धुमाऱ्याचं बोलायला नको होतं. पण ते तिनं बाजूला सारलं. संध्याकाळी जाताना दोन शब्द गोड बोलू, मांदिओकाचा कंद उकडलेला असेल तर थोडा मागून घेऊ, ती समजून घेईल. घेतेच नेहमी. बोटं पुढे जात होती, डहाळी, काडी, डहाळी, आणि कात्री त्यांच्या मागोमाग. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे जो काही उजेड-अंधार कळायचा तोही कळत नव्हता. पण बोटं होती ना.

दुपारी निकानोर परत आला. त्याला घाई होती, भट्टी लवकर बंद होणार होती. ओळ शेवटच्या झाडापर्यंत तोडून झाली होती, पण मोडायचं बरंच बाकी होतं, आणि गठ्ठे बांधायचे होते. "सरा, मी पण लागतो," निकानोर म्हणाला. सेलेनंही कात्री कमरेला खोचली आणि गोणपाटाशी गुडघे टेकले.

तिनं हात घातला. डहाळी. मोडली. डहाळी. आणि मग बोटं थांबली.

वरच्या डहाळ्यांची पानं उन्हानं जाड होतात, चामड्यासारखी. या डहाळीची पानं मोठी होती, पातळ, मऊ. सावलीतली पानं. खालच्या बाजूला, आत, झाडाच्या पोटाशी असतात तसली. तिनं ती बाजूला ठेवली आणि पुन्हा हात घातला. पुन्हा तसलीच. आणखी खाली चाचपलं. तिसरी. चौथी. गोणपाटभर.

न्या सेले उठली. ओळीतल्या सगळ्यात जवळच्या झाडाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते बुंध्यापासून वरपर्यंत चाचपलं. बेचकं, छाटलेलं टोक, छाटलेलं टोक, बेचकं. पान नाही. पुढच्या झाडाशी गेली. तिथेही नाही. मग ती धावायलाच लागली, या झाडावरून त्या झाडावर, हात पुढे करून, ठेचकाळत, आणि निकानोर तोंड उघडं टाकून बघत राहिला, कारण असं धावताना तिला कुणीच पाहिलं नव्हतं. असं हात पुढे करून तर नाहीच.

सगळी ओळ बोडकी होती. एकाही झाडावर निशाण नव्हतं.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. "पोलाका."

"हं."

"तू बघत होतीस?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या झाडापासून."

"आणि बोलली नाहीस!"

"तूच सांगितलंस ना," हेर्मेलिंदा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मंद होता. "एक अक्षर नाही म्हणालीस. ट्रकभर लोकांसमोर सांगितलंस."

सेलेनं गठ्ठे बांधायला ठेवलेला एक फोक उचलला आणि सगळा जोर लावून हाणला. मारायचंच होतं तिला, तोंडावर, रक्त निघेल असं. फोक सूं करून गेला आणि गोणपाटावरच्या ढिगावर बसला. पानं उडाली. हेर्मेलिंदा दीड हात बाजूला उभी होती. हललीसुद्धा नव्हती.

"इकडे," हेर्मेलिंदा म्हणाली. "इकडे आहे मी, सेले."

निकानोरनं टोपी काढली, मग त्याला कळेना की टोपी का काढली, म्हणून परत घातली. "इतातीच्या पवित्र आई," तो पुटपुटला, "हिला दिसत नाही."

"तुला कुणी विचारलं रे दांडक्या!" सेले किंचाळली. पण फोक तिच्या हातातून गळून पडला होता.

"तीन वर्षं दिसत नाही तुला," हेर्मेलिंदा म्हणाली. ती निकानोरशी बोलत नव्हती. "तीन वर्षं प्रत्येक झाडाशी मी घसा फोडत होते, ती राहू दे, ती राहू दे. कशाला? मला हौस आहे तुझ्या शिव्या खायची? तुझा हात निशाणावर जायचा म्हणून. तू दांडकी पाडायचीस, ती मी वेचायचे. काल थोडी राहिली, बोटं चालत नव्हती. मी कुणाला बोलले नाही. एकालाही नाही. म्हटलं, तिची कात्री आहे, तिच्या बापानं दिलीये, असू दे तिच्याकडे."

तिनं 'निशाण' म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. सेलेच्या ते लक्षात आलं आणि कुठे बघावं ते तिला कळेना, म्हणजे कुठे तोंड करावं ते.

"मग आज का गप्प बसलीस?" तिनं विचारलं. भांडणाचा आवाज उरला नव्हता.

"कारण आज मला वाटलं, मरू देत तुझी झाडं." हेर्मेलिंदा आता रडत होती, पण पुसत नव्हती. "माझं मेलं तेव्हा तू होतीस ना तिथे? पेटी तुझ्या हातात होती. आणि तू आज ते ट्रकवाल्यांना हसायला दिलंस. मला वाटलं, मरू देत. बोडकी होऊ देत सगळी. पाचव्या-सहाव्या झाडाशी वाटलं बोलावं. मग नाही बोलले."

निकानोर अर्धे गठ्ठे घेऊन निघून गेला. दिवस मावळायला दोन तास होते. दोघी कामाला लागल्या. घरातली पोती, गोधड्या, आबुंदियोचा जुना कोट, ओढ्याकाठचं उंच गवत, जे मिळेल ते त्यांनी झाडांना गुंडाळलं. हेर्मेलिंदा आणून द्यायची, सेले चाचपून बांधायची. एवढ्यानं काही व्हायचं नव्हतं, दोघींना ठाऊक होतं. ओळ लांब होती आणि घर लहान.

सकाळी मळा दहिवरानं पांढरा झाला होता. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. मग थंडी गेली आणि पाऊस आलाच नाही, सप्टेंबर कोरडा, ऑक्टोबर कोरडा. आतल्या दोन ओळींत निशाणं होती, तिथली झाडं उशिरानं का होईना पालवली. रस्त्याकडेच्या ओळीवरून लोक जाता-येता बघायचे आणि घरी जाऊन सांगायचे. निकानोरनं तर अख्ख्या रस्त्याला सांगितलं होतं. आता सेले दिसली की माणसं मोठ्यानं बोलायची, जणू ती बहिरी झाली होती. एका बाईनं हात धरून तिला रस्ता ओलांडून दिला. सेलेनं तिला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ती न बोलावता मळ्यात आली. हेर्मेलिंदा दारात उभी होती. सेले सरळ त्या ओळीत शिरली आणि एकेका झाडाची साल नखानं खरवडायला लागली. आत हिरवं असलं तर ओल लागते बोटाला. ती खरवडायची, बोट जिभेला लावायची, पुढे जायची. हेर्मेलिंदा तिच्या मागून चालत होती. शेवटच्या झाडापर्यंत एकदाही थांबली नाही सेले.

"काटकी," शेवटी ती म्हणाली. "सगळ्या काटक्या."

"एकसुद्धा नाही?"

"माझ्यावर विश्वास नसेल तर तू बघ. तुला डोळे आहेत." मग ती म्हणाली, "माझ्या जन्माच्या वर्षी लावली होती त्यानं ही ओळ. मी मारली."

"आपण मारली."

"हो," सेले म्हणाली. "आपण." आणि कमरेची कात्री काढून तिनं पुढे धरली. या वेळी बरोबर दिशेनं. हेर्मेलिंदानं ती लगेच घेतली नाही. आधी हात पुसले, मग घेतली.

आता यापुढे दोघी गळ्यात गळे घालून राहिल्या असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा त्या मळ्यावरून जावं. पुढच्या एप्रिलपासून हेर्मेलिंदा झाडावर, सेले गोणपाटावर. आणि भांडण सूर्य उगवल्यापासून. कात्रीच्या आवाजावरून सेलेला कळतं काय कापलं ते. पोकळ वाजली की काडी, दबून वाजली की दांडकं. "ए पोलाका, काय लाकूडतोड लावलीस? डहाळी घे, डहाळी!" "बेचक्याच्या खाली लावलीस ना? लावलीस! ऐकलं मी!" "निशाण कुठलं ठेवलंस? कुठल्या बाजूचं? हात लावून दाखव मला!" आणि हेर्मेलिंदा प्रत्येक झाडाशी खाली उतरते, तिचा हात धरून त्या डहाळीवर नेऊन ठेवते, शिव्या खाते, शिव्या देते आणि परत वर चढते. आधीच मंद, त्यात हे. दोन ओळींना तीन ओळींइतका वेळ लागतो.

परवा गठ्ठे न्यायला निकानोर आला होता, ट्रकवर माणसं होती. सेलेचं चालूच होतं, ही डहाळी नव्हे, ती काडी नव्हे, आंधळी मी आहे का तू. शेवटी हेर्मेलिंदाचाही बांध फुटला. "सेले," ती वरून ओरडली, "घटकाभर तोंड बंद ठेवशील का गं?"

ट्रकवरचे हसायच्या बेतात होते.

"नाही ठेवणार," सेले म्हणाली. हातातली डहाळी मोडून तिनं गोणपाटावर टाकली. "या मळ्यात एकदा एकीनं ठेवलं होतं. त्याचं सरपण अजून जळतंय तुझ्या चुलीत."

कुणी हसलं नाही. हेर्मेलिंदानं निशाण कुठे सोडलंय ते सांगितलं आणि पुढचं झाड धरलं.